आखाजीच्या आत गेम चालला पाहिजे!

कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत हो! कॅबिनेटमधल्या धुळीसारखे आपोआप साचतात. उघडलं की शिंका! जळगावात माझं छोटंसं दुकान आहे. अडकलेले प्रिंटर आणि पासवर्ड विसरलेले काका हे तर रोजचंच. पण यंदाच्या उन्हाळ्यात कैलासभाऊंचा गेम चालू करताना जे झालं, त्याला तोड नाही!

कैलासभाऊ म्हणजे माझ्या दुकानाच्या गल्लीतले स्टेशनरीवाले, चाळिशी ओलांडलेले. एक दिवस व्हिडिओ गेमची पिवळी पडलेली कॅसेट घेऊन आले. "भो, हा गेम कॉम्प्युटरवर चालला पाहिजे. आखाजीच्या आत!"

"एवढी काय घाई?"

"अक्का रुसलीय."

अक्का म्हणजे त्यांची मोठी बहीण. सासर धुळ्याला. लहानपणी दोघं टीव्हीला गेम जोडून खेळायचे. एकदा अक्का पार शेवटच्या राक्षसापर्यंत गेली. आता राक्षस मरणार, एवढ्यात टीव्ही बंद! भाऊ म्हणाले, लाईट गेली. अक्का म्हणाली, पंखा तर फिरत होता! झालं. तेव्हापासून भाऊ सगळ्यांना सांगत सुटले, की अक्का तिथवर कधी गेलीच नव्हती, नुसत्या बाता मारते. तीस वर्षं घरादाराने अक्काला त्यावरून चिडवलं. दोन वर्षांपूर्वी पुतणीच्या लग्नात भाऊंनी हेच व्याह्यांसमोर सांगितलं, सगळे खो खो हसले आणि अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर ती आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलीच नाही. आमच्याकडे आखाजीला लेक आली नाही की झोका बांधायला हात उचलत नाही.

यंदा मात्र तिने निरोप पाठवला होता. "तो गेम लाव. सगळ्यांसमोर राक्षस मारते. नाहीतर माझी वाट पाहू नको!"

*

कॅसेटमधला गेम कॉम्प्युटरवर उतरवायला एक छोटं रीडर लागतं. ते धुळ्याच्या माझ्या मित्राकडे, प्रशांतकडे होतं. पठ्ठ्या एसटीने घेऊन आला. रीडर लावलं. कॉम्प्युटरला कॅसेट सापडेना! प्रशांतने कॅसेटच्या पिना स्पिरिटने पुसल्या, केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला. तासभर घाम गाळला!

भाऊ म्हणाले, "द्या इकडे." कॅसेट तोंडाजवळ धरली, फूऽऽ करून जोरात फुंकर मारली आणि परत खोचली. लगेच चालू!

प्रशांत भडकला. "योगायोग आहे! फुंकरीने ओल लागते, पिना गंजतात! पुन्हा असलं करू नका!" पाच मिनिटं लेक्चर झाल्यावर त्याने स्वतःचा मोबाईल चार्जिंगला लावायला घेतला. पिन लावायच्या आधी चार्जरवर फुंकर मारली!

*

मग भाऊंच्या कॉम्प्युटरवर एम्युलेटर टाकला. म्हणजे कॉम्प्युटरला जुन्या मशिनचं सोंग घ्यायला लावणारं सॉफ्टवेअर. गेम सुरू झाला! आम्ही तिघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या. आणि बघतो तर काय, गेममधला माणूस सुसाट! बटण दाबायच्या आत खड्ड्यात! गाणं तर असं, की वरातीत बँडवाल्यांना कुत्रं मागे लागलंय!

कारण साधं होतं. भाऊंच्या पुतण्याने त्यांना गेमिंगचा भारी मॉनिटर घेऊन दिला होता, आणि आमचा एम्युलेटर त्या मॉनिटरच्या वेगाने पळत होता. मॉनिटरचं वेगाचं सेटिंग साठवर आणलं, गडी माणसात आला.

भाऊंचा चेहरा मात्र पडला. म्हणाले, "राहू द्या ना तसाच. अक्का लवकर मरेल."

प्रशांतने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. तेव्हाच ओळखायला हवं होतं!

*

दोन दिवसांनी फोन. "भो, आवाज चरचर येतोय!"

स्पीकरमधून चरचर म्हणजे साऊंडचं बफर, म्हणजे आवाजाचा राखीव साठा, कमी पडतोय. फोनवरच सगळं समजावून सांगितलं. वाढवा. अजून वाढवा. पार शेवटपर्यंत वाढवा! भाऊंनी फोन स्पीकरजवळ धरला. चरचर तशीच! शेवटी भर उन्हात गाडी काढली आणि त्यांच्या घरी गेलो. गेम बंद केला, तरी चरचर. स्पीकर बंद केला, तरी चरचर!

स्वयंपाकघरात वहिनी कुरडया तळत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "आले का? घ्या, गरम आहेत!"

*

कंट्रोलर भाऊंच्या मेहुण्याने सावद्याहून पाठवला होता. केळीचा व्यापारी माणूस. तो जोडला तर गेममधला माणूस जागच्या जागी उड्याच मारायला लागला. थांबेचना! मी सगळी सेटिंगं उलटीपालटी केली. शेवटी कंट्रोलर उघडला, तर उडीचं बटण केळीच्या चिकाने आत चिकटून बसलेलं! मेहुण्यांना फोन केला.

"अरे बापरे!" ते म्हणाले. "मी तीन महिने तसाच खेळत होतो. मला वाटलं, माणूसच उत्साही आहे!"

*

आखाजीच्या आठवडाभर आधी धुळ्याहून मला अक्काचाच फोन आला. "दादा, एक यूपीएस लावून द्या. लाईट गेली, ही सबब मला नको." मग जरा आवाज खाली करून, "आणि त्यात म्हणे मधेच सेव्ह करून ठेवता येतं?"

"येतं ना. एफटू दाबलं की सेव्ह, एफफोर दाबलं की परत तिथूनच. पण भाऊ म्हणतात, ते चिटिंग आहे."

"चिटिंगचं तो सांगतो?" अक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

*

आखाजीचा दिवस. सकाळी अक्का उतरली. भाऊ रिक्षापाशी धावत गेले आणि बॅग घेता घेता रडले. खरंच रडले! पुरणपोळी आणि आमरस झाला, आणि अख्खं घर कॉम्प्युटरसमोर बसलं. मला खास बोलावणं होतं. भाऊ अक्काला खेटून बसले होते, पाय टेबलाखाली.

काय खेळली बाई! तीस वर्षं लोटली, पण बोटांना सगळं पाठ! पोरं ओरडायला लागली, वहिनी खुर्चीवर उभ्या राहिल्या, माझ्या अंगावर काटा! शेवटचं दार आलं. अक्काने क्षणभर थांबून कीबोर्डवर एक बोट टेकवलं आणि आत शिरली. राक्षस! एक फटका, दोन, तीन... आता एकच राहिला...

स्क्रीन काळी!

"लाईट गयी!" भाऊ ओरडले.

अक्काने मान वर केली. मग आम्ही सगळ्यांनी मान वर केली. पंखा मजेत फिरत होता. मी वाकून टेबलाखाली पाहिलं. यूपीएसच्या बटणावर भाऊंच्या पायाचा अंगठा!

"मी तुले वळखस, भाऊ," अक्का शांतपणे म्हणाली. "दादा, कॉम्प्युटर चालू करा."

चालू केला. अक्काने एफफोर दाबलं. त्याच दारापाशी गेम उभा! या वेळी वहिनींनी भाऊंना धरून पार बाहेर ओट्यावर नेऊन बसवलं, आणि अक्काने राक्षसाचा चुरा केला! घरात नुसता दंगा! पोरांनी अक्काला उचललंच, आणि खिडकीतून सगळ्यात जोरात शिट्टी कोणी मारली असेल, तर भाऊंनी!

दंगा ओसरल्यावर अक्का ओट्यावर गेली, भाऊंच्या शेजारी बसली. "आते खरं सांग. तवय टीव्हीवर बी पायच व्हता ना तुना?"

भाऊंनी खाली मान घालून अंगठ्याकडे पाहिलं.

"नही अक्का," ते म्हणाले. "तवय हात व्हता."