फेट्यांच्या नंबरावर दातांचे डॉक्टर

"काका, हुं दांत काढुं छुं. साफा नथी बांधतो."

बडोद्याच्या दांडिया बाजारातले दातांचे डॉक्टर फोनवर इतक्या मोठ्यानं बोलत होते की रिसीव्हर जगतापकाकांच्या कानाला असूनही मला समोरच्या खुर्चीत ऐकू आलं. गुजरातीत 'दांत काढवा' म्हणजे दात उपटणं, आणि हसणंसुद्धा. डॉक्टर अजिबात हसत नव्हते.

काका-काकूंचा धंदा लग्नात फेटे आणि साफे भाड्यानं देण्याचा, वरातीच्या दिवशी जाऊन बांधून देण्याचाही. ते दांडिया बाजारातून मांजलपूरला राहायला आले, तेव्हा टेलिफोन एक्स्चेंज बदललं आणि नंबरही बदलला. जुना नंबर खात्यानं या डॉक्टरांना दिला. इथवर ठीक होतं. पण काकांच्या वेबसाइटवर जुनाच नंबर राहिला. ती साइट पुतण्याच्या मित्रानं हौसेनं बनवली होती. तो नोकरीसाठी परदेशी गेला, पासवर्डही त्याच्याबरोबर गेला, आणि ईमेलला उत्तर येत नव्हतं. डिसेंबरात लग्न करायला बडोद्याला येणारी अमेरिकेतली कुटुंबं साइट बघून डॉक्टरांना फोन करत आणि चाळीस गुलाबी साफे मागत. तिकडे दाढ ठणकणाऱ्या पेशंटला लाइन मिळत नसे.

परदेशी बुकिंग दिवाळीच्या आसपास ठरतं. ते हातचं गेलं की काकूंचा सगळा सीझन गेला.

माझं फतेगंजात वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस होतं. नवी साइट माझ्याकडेच येणार असं धरून मी गेले होते. काका बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाले, "सुनीता, साइट मीच बनवणार. तू फक्त कशानं बनवायची ते सांग. शिकवायची फी घे."

मी हो म्हटलं. चार दिवसांत कंटाळतील असा माझा अंदाज होता.

पहिलं साधन मी सुचवलं ते फुकटचं. इंटरनेटवरच जाऊन रकाने भरायचे, फोटो चढवायचे, साइट तयार. काका खूश झाले. पण फुकट जागा देणारे त्या बदल्यात तुमच्या पानावर स्वतःच्या जाहिराती लावतात. आमच्या पानावर, सगळ्यात वर, केशरी फेट्यातल्या नवरदेवाच्या डोक्याशी टकलावर केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात आली. काकूंनी ती पाहिली आणि कॉम्प्युटर बंद करायला सांगितलं.

दुसरं साधन म्हणजे माउसनं चित्रं ओढून पान मांडायचं सॉफ्टवेअर. मागचा कोड ते स्वतः लिहितं. काकांनी चमकते तारे टाकले, सनई टाकली, वरून खाली घरंगळणारं 'स्वागतम्' टाकलं. मग आम्ही सायबर कॅफेत जाऊन ते उघडून बघितलं. त्या काळी इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं. सनई वाजायला लागली, फेट्याचा फोटो मात्र वरून खाली उतरायला तयार नव्हता. शेजारच्या टेबलावरची मुलं आमच्याकडे वळून बघू लागली. नवरदेवाची भुवई दिसेपर्यंत काकांनी धीर धरला, मग उठले.

तिसरं माझं आवडतं होतं. त्याला सीएमएस म्हणतात. साइटचा मजकूर एका डेटाबेसमध्ये राहतो, तुम्ही लॉगिन करून तो बदलायचा. मी ते अभिमानानं उघडलं. काकांनी एकच गोष्ट करायला घेतली, फोन नंबर बदलायची. मेनूतून मेनूत शिरत ते 'युजर्स' या भागात पोचले आणि तिथे त्यांनी स्वतःलाच डिलीट केलं. नंतर त्यांना आत जाता येईना.

काका तोच पासवर्ड पुन्हा पुन्हा टाकत राहिले. बोलल्या काकू. त्या इतका वेळ पलंगावर बसून साफ्यांना गोटा, म्हणजे जरीची किनार, लावत होत्या.

"सुनीता, तू गावाला गेलीस आणि नंबर बदलायचा झाला, तर आम्हाला जमेल असं काय आहे?"

गिऱ्हाइकाला विचारायचा पहिला प्रश्न हाच असतो. इथे तो गिऱ्हाइकानं मला विचारला. मी नोटपॅड उघडलं. त्यात साधी एचटीएमएल. म्हणजे मजकुराच्या आगेमागे कंसात खुणा लिहायच्या, हे ठळक, इथे फोटो, इथे नवी ओळ. एकच पान, नवं नाव, स्वतःच्या नावावर घेतलेली जागा. पासवर्ड दोघांनाही पाठ. काकांनी बँकेतल्यासारखी ओळ न् ओळ तपासली. फाइल सर्व्हरवर चढवणंही ते शिकले. पानावर सर्वांत वर त्यांनी लाल अक्षरांत लिहिलं: जुन्या नंबरावर फोन करू नये, तिथे दात काढतात.

दिवाळीच्या तोंडावर मी भाचीच्या साखरपुड्याला नाशिकला गेले. तिथे काकांचा फोन आला. त्यांनी मोबाइल घेतला होता आणि तो नंबर साइटवर टाकला होता.

"मग?"

"पान गेलं."

"कुठे गेलं?"

"पांढरं झालंय. मी फक्त एक कंस काढला. जास्तीचा वाटला."

न्यू जर्सीच्या एका कुटुंबाला ईमेलनं नव्या साइटचं नाव दिलं होतं; ते संध्याकाळी ती बघून फोन करणार होते. मी फोनवरून काकांना ओळी वाचायला लावल्या. चष्मा सापडेना, ओळी सापडेनात. तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला, "आधीची फाइल मी दुसऱ्या नावानं ठेवलीय. ती चढवू का?"

त्यांना हे कुणी शिकवलं, असं मी विचारलं. म्हणाल्या, शिकवणी चालू असताना कान काही मी मांजलपूरच्या नाक्यावर ठेवून येत नव्हते.

पान परत आलं. मोबाइल नंबर काकूंनी टाकला. न्यू जर्सीवाल्यांनी फोन केला, साफे ठरवले, बांधणारी माणसंही ठरवली. साइट कशात बनवली आहे, हे त्यांनी विचारलं नाही. त्यानंतरही कुठल्या गिऱ्हाइकानं विचारलं नाही. सगळ्यांना एवढंच हवं होतं, की फोन लावला तर साफेवालाच उचलेल ना.

तेव्हापासून माझ्या ऑफिसात कुणी साधन निवडायला आलं, की मी आधी विचारते, घरात शांतपणे ऐकणारं कोण आहे? त्यांना घेऊन या.