दवाखान्यातला भंडारा

माझा थोरला भाऊ जिल्हा परिषदेला उभा राहिला तेव्हा तो हरेल असं आम्हा सगळ्यांनाच वाटत होतं. मार खाईल असं मात्र कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आमचं गाव खुलताबादच्या पुढं, डोंगराच्या पल्याड. माणसं मूळची मेंढरं राखणारी. आताशा थोडी शेती, थोडी मजुरी. मी शहरात, गारखेड्याला राहते, शाळेत शिकवते, म्हणून गावाच्या लेखी मी एकाच वेळी शहाणी आणि बिनकामाची. दादानं अर्ज भरला तो निव्वळ वैतागून. वस्तीला रस्ता नव्हता. दर निवडणुकीला नारळ फुटायचा, फोटो निघायचा आणि पावसाळ्यात बाळंतीण पुन्हा झोळीतून न्यावी लागायची. "मागून मागून तोंड दुखलं," दादा म्हणाला, "आता आपणच जाऊन बसू."

प्रचाराला जीप होती आमच्या चुलतभावाची. एरवी तो तिच्यातून वेरूळ ते खुलताबाद सवाऱ्या न्यायचा. त्याचं पोट त्या जीपवरच होतं. त्यानं टपावर भोंगा बांधला आणि दादाला गावोगाव हिंडवायला लागला. मला वाटलं होतं, चार दिवस हौस होईल आणि संपेल. पण लोक ऐकायला थांबायला लागले, आणि तिथंच घात झाला.

बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, समोरच्या उमेदवाराची माणसं जीपला आडवी आली. तो उमेदवार, आमच्याच गावचा, स्वतः पुढं होता. त्यानंच दादाला कॉलर धरून खाली ओढलं आणि झेंड्याच्या काठीनं पहिला फटका घातला. मग बाकीचे तुटून पडले. सगळा बाजार बघत होता. एकाही माणसानं मध्ये हात घातला नाही, दुकानांची शटरं तेवढी झटपट खाली आली. चुलतभाऊ उतरला, दादाच्या अंगावर आडवा पडला, पाठीवर काठ्या झेलल्या आणि कसाबसा त्याला जीपमध्ये कोंबून तडक शहरात घाटीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन आला.

मी शाळेतून धावत गेले तेव्हा दादाच्या डोक्याला टाके पडले होते आणि उजवा हात कोपराखाली मोडला होता. डॉक्टर म्हणाले, मारहाण दिसते आहे, पोलिसांना कळवावंच लागेल. मी म्हटलं, कळवा, लवकर कळवा. मला खरोखर बरं वाटलं होतं. इतक्या लोकांदेखत मारलंय, आता सुटतो कुठं, असं मी मनाशी म्हणत होते. किती भाबडी होते मी!

पोलिसांच्या आधी गाव आलं. आमचे चुलते, भावकीतले जाणते, आणि त्यांच्यासोबत त्या उमेदवाराचा म्हातारा काका. चुलत्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत देवळातला भंडारा होता. भंडारा म्हणजे हळदच, पण ती देवाची. ती हातात घेऊन दिलेला शब्द आमच्यात कुणी मोडत नाही. दवाखान्याच्या खाटेवर, सलाइनच्या नळीखाली, त्यांनी ती पुडी उलगडली.

"गावातलं गावात ऱ्हाऊ दे," चुलते म्हणाले. "तू कुणाचं नाव घेऊ नको. ते आता तुझ्या प्रचाराला आडवं येनार नायत. दोघांनी भंडारा उचला, मिटलं."

"ज्यानं मारलं त्यानं उचलावा की!" मी म्हणाले. "तो कुठंय? काकाला कशाला पाठवलं?"

"बाई, तू गप बस. शाळंत शिकीव तुझं ते."

काकानं पुतण्याच्या वतीनं चिमूट उचलली. दुसऱ्याच्या वतीनं उचललेला भंडारा कुणाला बांधतो, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. दादालाही. पण भावकी सगळी खाटेभोवती उभी, आणि दादाचा स्वभाव असा की चार माणसांत नाही म्हणायचं म्हणजे त्याला घाम फुटतो. त्यानं डाव्या हातानं भंडारा उचलला आणि कपाळाला लावला. मी रागानं बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

थोड्या वेळानं पोलीस जमादार आले. "कुणी मारलं?"

"कुनी नाय साहेब. जीपमधनं पडलो."

"जीप कोण चालवत होतं?"

कोपऱ्यात चुलतभाऊ उभा होता, शर्टावर दादाचं रक्त. तोच पुढं झाला. "मी, साहेब." जमादारांनी त्याचं नाव लिहून घेतलं. तेव्हा त्यातलं काही माझ्या ध्यानात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

पुढं जे व्हायचं तेच झालं. दादा हात गळ्यात अडकवून प्रचाराला निघाला, तर दुसऱ्याच दिवशी भोंग्याच्या वायरी कापलेल्या. वस्त्यांवर दारं लावलेली. जीपवर दगड आले. मी म्हटलं, "त्यांनी शब्द मोडला, आता तरी तक्रार दे." दादा म्हणाला, "त्यानं कुठं उचलला व्हता? मी उचललाय." मी डोक्यावर हात मारून घेतला. दादा हरला. तो माणूस गुलालात न्हाऊन आमच्याच दारावरून गेला आणि जाताना दादाला हात जोडून गेला.

काही महिन्यांनी तालुक्याच्या कोर्टातून समन्स आलं. चुलतभावाला. हयगयीनं वाहन चालवून दादाला गंभीर दुखापत केली म्हणून. आणि साक्षीदार कोण, तर आमचा दादा.

आमच्या वकिलानं त्याला सोपं करून सांगितलं होतं. गुन्हा नाकबूल कर. मग दादाला साक्षीला बोलावतील, मी त्याला विचारीन, खरं बाहेर येईल, तू मोकळा. गुन्हा कबूल केलास तर लायसन्सवर गदा येईल. चुलतभाऊ मान हलवत होता. कोर्टाच्या दिवशी दादानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. बाहेरच्या बाकड्यावर बसून तो नीट न जुळलेला हात चोळत होता. आत गेला की एक तर कोर्टात खोटी शपथ, नाहीतर भंडारा मोडायचा. मी त्याला काहीच म्हणाले नाही. म्हणजे मनात सतत म्हणत होते, मोड बाबा, एकदाचा मोड.

पुकारा झाला. मी आत मागं उभी राहिले. न्यायाधीश साहेबांनी चुलतभावाला विचारलं, "गुन्हा कबूल आहे?" त्यानं एकदा वळून दाराकडं पाहिलं. दारातून बाकड्यावरचा दादा दिसत होता.

"कबूल हाय, साहेब. माझीच चूक झाली."

वकिलानं कपाळाला हात लावला. दादाला आत बोलावण्याची गरजच उरली नाही.

बाहेर आल्यावर मी चुलतभावावर ओरडले. "अरे, तू त्या मारणाऱ्याला वाचवलंस! आता खाशील काय?" तो म्हणाला, "मंग काय दादाला तिथं उभा करू?" दादा लहान पोरासारखा रडायला लागला, आणि मी त्याच्यावरही ओरडले. माणसं वळून बघत होती. ज्याच्यावर ओरडायचं तो तिथं नव्हता. तो आता सभापतींच्या शेजारच्या खुर्चीत बसत होता.

लायसन्स गेलं, चुलतभावानं जीप विकली. आता तो दुसऱ्याच्या शेतावर जातो. आणि सरकारी दप्तरात आमच्या दादाचा हात त्यानंच मोडलेला आहे.