मोठं पाकीट, महाग मसूर

अर्धा मसूर ताटात निवडून झाला होता, अर्धा अजून पाकिटातच होता, तेवढ्यात थोरल्या जाऊबाई धापा टाकत दारात आल्या.

"अगं थांब! फोडलंस का पाकीट?"

"न फोडता कसा निवडू, ताई?"

त्यांनी कपाळाला हात लावला.

आमच्या जिन्यावरच्या चार घरांचा किराणा जाऊबाई आणतात. त्यांचं टोपणनाव 'तराजू', आणि त्यांना ते आवडतं. दुकानात लावलेल्या भावावर त्यांचा विश्वास नाही. वजन बघायचं, शंभर ग्रॅमला किती पडले ते बोटांवर काढायचं, मगच वस्तूला हात लावायचा. बिस्किटांचा पुडा त्याच किमतीत बारीक झाला, तेव्हा पहिली बोंब त्यांचीच.

पण या खेपेला चष्मा घरी राहिला, आणि कुणाला वाचायला सांगतील त्या जाऊबाई कसल्या! पाच किलोच्या पाकिटावर 'बचत' असं ठळक लाल अक्षरांत होतं, तेवढं दिसलं. मोठं ते स्वस्तच, म्हणून चार उचलली. आज चहापत्ती आणायला गेल्या तर कळलं, एक-एक किलोची पाच घेतली असती तर कमीत पडली असती.

"वरच्या शेजाऱ्यांची सूनबाई आधीच म्हणते, सगळं फोनवर मागवू. आता माझी खरेदी गेलीच म्हण."

"कुणाला कळतंय, ताई? गप्प राहा."

"रोज देवापुढे बसतेस ना गं? हेच शिकलीस?"

मी पुन्हा खडे वेचू लागले. देवा, चूक झाली.

त्यांनी उरलेल्या दोन्ही घरांच्या दारांत जाऊन खरं काय ते सांगितलं आणि बंद पाकिटं मागून घेतली. सूनबाई हसली, "तराजूचा काटा हलला वाटतं!" आणि स्वतःच एक पाकीट उचलून आमच्यामागे निघाली.

दुकानदार म्हणाला, "मावशी, ही तीन बदलून देतो. चौथं?"

"ते माझ्या जावेनं फोडलं. तिला दम निघत नाही."

सगळे हसले, मीसुद्धा. तीन पाकिटांच्या जागी पंधरा लहान मिळाली, वर उरलेल्या पैशांत डझनभर अंडी आली. तरी जाऊबाई हलेनात. मोठ्या पाकिटांखाली किलोचा भाव दुकानदाराकडून खडूनं लिहून घेतला, तेव्हाच पायरी उतरल्या.

वाटेत सूनबाई म्हणाली, "काकू, फोनवर मी नेहमी मोठंच पाकीट मागवते. हे बोटांवरचं गणित मलाही शिकवा की."

"शिकवते. पण पिशवी तू धरायची."

उद्या सकाळी दोघी साखर आणायला जाणार आहेत.