चिंधी बांधलेली कणसं

पारनेरच्या मोटारीचा ड्रायव्हर दर शनिवारी नगरला मी शिकवते त्या शाळेच्या फाटकाशी थांबायचा आणि नानांनी, माझ्या वडिलांनी, पाठवलेलं गाठोडं माझ्या हातात द्यायचा. कधी भुईमुगाच्या शेंगा, कधी बाजरीच्या भाकरी आणि ठेचा, एकदा तर पाय बांधलेलं जिवंत कोंबडं. श्रावणातल्या त्या आठवड्यात तो मंगळवारीच आला, आणि रिकाम्या हातांनी आला. "बाई, गावाकडं चला," एवढंच म्हणाला. मी वर्ग दुसऱ्या बाईंवर सोपवला आणि गाडीत बसले. नगर मागे पडल्यावर त्यानं सांगितलं, की नाना सकाळी शेताच्या तालीवर दगड रचत होते, दम लागला म्हणून खाली बसले, ते उठलेच नाहीत.

याला आता सात आठवडे झाले. माझे वडील काही पुढारी नव्हते. पारनेरपासून तीन मैलांवर डोंगराच्या उतारावर आमची जिरायत जमीन. पावसात माती वाहून जायची म्हणून नानांनी उतारावर दगडी ताल, म्हणजे माती अडवणारा बांध, घालायला घेतली. रोज संध्याकाळी घरी निघण्याआधी पाच-सहा दगड आणून बसवायचे, सणवारही सुटायचा नाही. माझ्या जन्माआधी सुरू झालेली ती ताल त्यांच्या शेवटच्या सकाळपर्यंत चालूच होती. कोणता दगड कुठून आणला, कोणता बोटावर पडला होता, सगळं त्यांच्या ध्यानात असायचं. रात्री जेवताना ते बोट पुढे करून त्या दगडाला शिव्या घालायचे आणि आम्ही पोरं हसून लोळायचो.

कामाला जेवढे वाघ तेवढेच खेळकर. घरात बसणं त्यांना माहीतच नव्हतं. आठवड्यातून एकदा तरी सगळ्यांनी शेतात जेवायचं, हा त्यांचा नेम. आई भाकरीची पाटी डोक्यावर घेऊन कुरकुरायची, "मंग घराला छप्पार कशाला घातलं म्हन्ते मी?" नाना म्हणायचे, "भांडी ठिवायला." विहिरीत पोहताना काठावरून अशी उडी टाकायचे, की आईनं धुतलेली लुगडी पुन्हा भिजायची. जोंधळा भरायला लागला, की राखणीच्या माळ्यावर चढून गोफण फिरवायचे आणि पाखरांना गावातल्या माणसांची नावं ठेवून हाका मारायचे. "ए सावकारा, लई झालं, उठ आता!" खालून जाणारा सावकारही हसायचा.

पण त्यांचा खरा जीव हुरड्यात. तालीलगतच्या एका पट्ट्यात ते वेगळा जोंधळा पेरायचे, फक्त हुरड्यासाठी. दाणा टपोरा, तळहातावर चोळला की भुसा एका फुंकरीत उडायचा, आणि चव साखरेसारखी. ते बियाणं माझ्या पणज्यापासून घरात होतं. पौषात महिनाभर त्या पट्ट्यात रोज कुणी ना कुणी जेवून जायचं. चांगली अकरा कणसं मात्र नाना आधीच हेरून ठेवायचे. त्यांच्या ताटांना, म्हणजे धांड्यांना, आईच्या जुन्या तांबड्या लुगड्याची एकेक चिंधी बांधायची, ती बियाण्यासाठी. बाकी सगळं पाहुण्यांनी खावं, ही अकरा उभी वाळू द्यावीत, आणि पुढच्या वर्षीचा पट्टा त्यातून पेरावा.

दुसरी मोठी लढाई सुरू झाली त्या सुमाराची गोष्ट. मी दहा वर्षांची होते. हुरड्याचा शेवटचा दिवस होता आणि आमच्या गावच्या शाळेचे मास्तर येणार होते. ते नुसते हुरडा खायला येणार नव्हते. मुलीला पुढच्या शिक्षणासाठी नगरला पाठवा, हे सांगायला येणार होते. नाना राजी होते. पण घरात शब्द चालायचा तो त्यांच्या थोरल्या भावाचा, आमच्या तात्यांचा, आणि तात्या कडाडून विरुद्ध. "पोरगी शिकली की शेतातनं जाती. मंग ना धड हिकडची, ना तिकडची," असं त्यांचं म्हणणं.

नानांनी आगटी पेटवली आणि मला कणसं आणायला धाडलं. पट्ट्यात उरलेली कणसं बारकी, पाखरांनी खाल्लेली. मास्तरांपुढे असली कशी ठेवायची? चिंध्यांची कणसं मात्र डोळ्यांत भरत होती. त्या चिंध्या कशासाठी, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, इतकी जपून राखलीत ती आजच्यासाठीच असणार, मास्तरांसाठीच. मी अकराच्या अकरा कापली. चिंध्या सोडून परकराच्या ओच्यात घातल्या आणि पळत आले. नाना बैलांना पाणी दाखवायला गेले होते. कणसं कुणी आणली हे न बघताच तात्यांनी ती आगटीच्या आरात खुपसली. मास्तर म्हणाले, असा हुरडा मी जन्मात खाल्ला नाही. मी सुखावून गेले.

थोड्या वेळानं तात्या पट्ट्यात गेले आणि तिथूनच ओरडले, "बियान्याची कनसं कुनी कापली रं?"

तेव्हा मला कळलं. शेतकऱ्याच्या घरात बियाणं खाणं म्हणजे काय, हे दहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. तात्या आगटीशी येऊन उभे राहिले. आता माझं नाव निघणार, 'हीच का तुमची हुशार पोर' म्हणून मास्तरांसमोर विचारणार, आणि नगर संपणार... तेवढ्यात नाना आले. त्यांनी पट्ट्यातल्या बिनकणसाच्या ताटांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही. खाली बसून एक कणीस तळहातावर चोळलं.

"म्या कापली," ते म्हणाले. "मास्तर काय रोज येत्यात व्हय?"

"तू बियानं खाल्लंस? शुद्धीवर हाईस का?"

"ग्वाड हुतं, दादा. खाल्लं."

तात्यांनी त्यांना वाटेल ते बोलून घेतलं. नाना चोळलेला हुरडा मास्तरांच्या हातावर ठेवत राहिले. शेवटी मास्तरांनी चाचरत माझ्या शाळेचा विषय काढला, तेव्हा तात्या धोतर झटकून उठले. "त्याचं बियानं, त्याची पोरगी. काय वाटूळं करायचं ते करू द्या." त्या एका वाक्यावर मी नगरला शिकायला आले.

सगळे उठल्यावर मी त्या चिंध्या तालीतला एक दगड सरकवून त्याच्यामागे कोंबल्या. नानांनी कुणाला वाचवलं, हे मी स्वतःला विचारलं नाही. राखणीला येणाऱ्या बाईनं कणसं नेली असं त्यांना वाटलं असेल, तिला ते वाचवत असतील, अशी मी समजूत करून घेतली. भित्र्या माणसाला समजूत घालायला फार वेळ लागत नाही.

पुढे नाना मोटारीनं आणि मग पायी, असे जामखेडला आत्याकडे गेले. मागे एका भाऊबीजेला त्यांनी तिला त्या बियाण्याची पुरचुंडी दिली होती. त्यातलं मूठभर तिनं परत दिलं. पट्टा वाचला, नाव मात्र गेलं. पारनेरच्या बाजारात लोक विचारायचे, "काय नाना, औंदा बियानं ठिवलं का खाल्लं?" नाना सगळ्यांत मोठ्यानं हसायचे. "निम्मं खाल्लंय, निम्मं फुडल्या वर्साला." त्या वर्षापासून चिंध्या मात्र बंद झाल्या. ते ताटांना अंबाडीचा दोरा बांधायचे आणि हुरड्याला आलेल्या प्रत्येक पोराला हात धरून दाखवायचे, "ही बियान्याची, बरं का." माझा हात त्यांनी कधी धरला नाही. सुट्टीत जायचे तेव्हा दर वेळी वाटायचं, आज सांगून टाकू. नऊ वर्षं गेली.

गेल्या आठवड्यात पेरणीसाठी घरी गेले. आईनं बियाण्याचं गाडगं उतरवलं. तात्या पेरणीची पाभर घेऊन दारात उभे होते. किडू नये म्हणून बियाण्यात घातलेल्या राखेत मी हात घातला तर दाण्यांच्या आधी कापड हाताला लागलं. चिंध्या होत्या. धुतलेल्या, घडी घातलेल्या, अकरा. मी त्या दगडामागे दडवल्या होत्या, आणि त्या तालीतला एकही दगड हलला तर नानांना कळल्याशिवाय राहणार नव्हतं, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

मी तिथेच बसून रडले. मग तात्यांना सांगितलं, "कणसं नानांनी नाही, मी कापली होती." "नऊ वर्सं हासलो म्या त्याला," तात्या म्हणाले. "चार मान्सांत हासलो." मग त्यांनी पाभर भिंतीला टेकवली आणि डोक्याचं मुंडासं काढून गाडग्यापाशी बसले.

पारनेरच्या बाजारात नानांना हसलेले अजून पुष्कळ जण आहेत. त्यांतले काही हा मजकूर वाचतील, काहींना कुणी वाचून दाखवील. त्यांच्यासाठी लिहिते आहे. ते बियाणं मी खाऊ घातलं होतं. नानांनी एक दाणासुद्धा खाल्ला नव्हता.

पट्टा पेरून झाला. मूठभर दाणे मागे ठेवले आणि चिंध्या पुन्हा गाडग्यात घातल्या. येत्या पौषात बियाण्याच्या कणसांना त्या मी बांधणार आहे.