साखरेचा सदरा

नामांतरावरून सगळा मराठवाडा तापला होता, तेव्हा झरीतल्या आमच्या ओट्यावर बसलेल्या त्या गृहस्थाला काळजी होती ती जंतूंच्या कपड्यांची. पुण्याहून आलेला मोठा संशोधक. नाव सांगितलं असेल, पण त्याच्या चष्मा पुसण्यातच एवढा रुबाब होता की ते कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

माझ्या चुलतीच्या हिरड्यांतून रोज रक्त यायचं. बाजारात बैलाचे दात बघतात तसा त्यानं तिचा ओठ वर केला, कापसाच्या काडीनं हिरडी पुसली आणि काडी नळीत बंद केली.

"हे जंतू स्वतःच्या प्रथिनांवर साखर चढवतात," तो म्हणाला. "साखरेचा सदराच म्हणा ना. शरीराला ते आपलेच वाटतात, आणि ते आत बसून पोखरतात."

"मंग औषध?" चुलतीनं विचारलं.

"आधी सदरा तर समजू द्या, मावशी! पुढच्या महिन्यात पुन्हा नमुना घ्यायला येतो. तोवर काही औषध लावू नका, नमुना बिघडेल."

मग तिच्या हातच्या चहाचं तोंडभर कौतुक करून, तिला वाकून नमस्कार करून तो एसटीत बसला.

चुलतीनं परभणीच्या दवाखान्यालाही नाही म्हटलं. साहेबांचा नमुना बिघडला असता ना! दिवाळीपर्यंत तिचे पुढचे चार दात गेले. साहेब काही आले नाहीत.

शेजारणीनं विचारलं, "तुमाला वळखू आला न्हाई का वो त्यो?"

चुलती बोळक्या तोंडानं हसली. "कसा येईल? लय गोड सदरा घालून आल्ता."