चिंचेखालची पूजा

जामनेरच्या आमच्या घरात देव्हारा नव्हता. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली सकाळी ठेवलेली पांढरी फुलं. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हा घरातले देवांचे टाक, शेंदूर फासलेले दगड, सगळं टोपलीत भरून नदीत सोडलं होतं. माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, ही गोष्ट पाहुण्यांना सांगताना ताठ बसायचे. देवाची भीती काय असते ते मला लहानपणी माहीत नव्हतं. आबांची भीती मात्र होती.

आई अंगणवाडीत जायची, म्हणून दुपारभर मी शेजारच्या पिंजाऱ्यांच्या घरी असायचे. कापसाचे तंतू घरभर उडत असायचे. तिथली खाला दर गुरुवारी संध्याकाळी बिस्मिल्ला म्हणत निखाऱ्यावर लोबान टाकायची आणि घरातल्या सगळ्या मुलांवरून तो धूर फिरवायची. मलाही रांगेत उभं करायची. मागच्या आळीत श्रावणात खानदेशातली देवी कानबाई बसायची, तिथे मैत्रिणींच्या मागे बसून मी गाणी पाठ केली. घरी येताना ती ओठांवर येऊ नयेत म्हणून तोंड मिटून चालायचे.

या सगळ्याचं मिश्रण व्हायला एक दुपार कारण झाली. आईला जळगावच्या दवाखान्यात ठेवलं होतं. डॉक्टर बाहेर आले, "आता बघू," एवढंच म्हणाले आणि निघून गेले. मी व्हरांड्यातल्या लोखंडी बाकावर बसून त्रिशरण म्हणायला लागले. म्हणून झालं, पण पुरेसं वाटेना. मग खालाची बिस्मिल्ला म्हटली. मग कानबाईचं गाणं म्हटलं, तोंडातल्या तोंडात, एकातून दुसऱ्यात. जे जे म्हणून मला येत होतं ते सगळं म्हटलं. आई त्या वेळी वाचली. पुढे काही वर्षांनी गेलीच, पण त्या वेळी वाचली, आणि माझ्या मनात काहीतरी कायमचं बसलं.

नंतर मी शिरपूरच्या एका कॉलेजात भूगोल शिकवायला लागले. लग्न केलं नव्हतं. गावाबाहेरच्या नव्या कॉलनीत एक छोटं घर भाड्याने घेतलं. मागे मोकळा प्लॉट होता, आणि शेतं गेली तरी कुणी न तोडलेली एक मोठी चिंच. माझ्याबरोबर शिकवणारे एक सर सातपुड्यातल्या पावरा आदिवासींच्या वस्तीतले होते. नवं पीक घरात घेण्याआधी त्यांच्याकडे वाघदेवाला कणसं वाहतात, ते बघायला त्यांनी मला घरी नेलं. त्यांच्या म्हाताऱ्या वडिलांनी कणसं ठेवली, डोंगराकडे बघितलं आणि शेजाऱ्याशी बोलावं तसे ते बोलले. मला रडू आलं. येताना ओढ्यातला एक दगड घेऊ का म्हणून मी विचारलं. म्हातारबाबा हसले आणि म्हणाले, "दगडालाच विचार."

त्याच सुमारास मोबाइलवर मी एका परदेशी बाईचे व्हिडिओ बघायचे. ती स्वतःला पेगन, म्हणजे निसर्गपूजक, म्हणवायची. ऋतू बदलला की झाडाखाली दिवा लावायची, आणि आपल्या आजीचं, शेजारणीचं, पुस्तकातलं, जिथून जे मनाला लागलं ते त्यात घालायची. मला वाटलं, म्हणजे असं करता येतं. याला काही नाव असू शकतं.

मग चिंचेखाली मी माझी जागा केली. सातपुड्याच्या दगडाला गेरू लावला. संध्याकाळी तांब्याभर पाणी मुळाशी घालायचे, लोबान लावायचे, चारी दिशांना वळून नमस्कार करायचे, त्रिशरण म्हणायचे आणि श्रावण असला की कानबाईचं गाणं. पौर्णिमेला पिंपळाची पानं ठेवायचे. मला फार शांत वाटायचं. तरी खरं सांगायचं तर ती शांतता पातळच होती. आपण सगळ्यांकडून थोडं थोडं उचललंय, तर यातला एखादा देव कधी रागावेल का, असं मधूनच मनात यायचं. आबांना कळलं तर काय, हे तर रोजचंच.

शेजारच्या घरात एक आजी, त्यांचा मुलगा, सून आणि सुनेचं वर्षाच्या आतलं बाळ होतं. सून मला ताई म्हणायची. कुंपणावरून बाळ माझ्याकडे द्यायची आणि पोळ्या करून यायची. पावसाळा संपता संपता कॉलनीत ताप पसरला आणि बाळालाही आला. पहिल्या दिवशी मी विचारलं तेव्हा सून बोलली. दुसऱ्या दिवशी मी कुंपणाशी गेले तर तिने बाळाच्या तोंडावर पदर ओढला आणि आत गेली.

मला वाटलं, उन्हाची तिरीप आली असेल.

मग सकाळी फाटकाशी कापलेलं लिंबू दिसलं, कुंकू माखलेलं. दूधवाली दुधाची पिशवी कठड्यावर ठेवून हाक न मारताच गेली. संध्याकाळी चिंचेखाली गेले तर गेरूचा दगड उलटा पडलेला होता आणि त्यावर कुणीतरी चपलांचा हार टाकला होता. मी तो काढला, दगड सरळ केला, आणि माझ्या लक्षात आलं की मी आजूबाजूच्या गच्च्यांकडे बघतेय. दोन गच्च्यांवर बायका उभ्या होत्या. त्या कपडे वाळत घालत नव्हत्या.

कॉलेजात मी सरांना हे हसत हसत सांगायला गेले. ते हसले नाहीत. स्टाफरूमचं दार लोटून घेतलं.

"मॅडम, काही दिवस तो धूर बंद करा. माझं ऐका."

"अहो, शिकलेली माणसं राहतात तिथे."

"आमच्याकडे एका बाईला डाकीण ठरवलं होतं," ते म्हणाले. "तिनंही असंच म्हटलं असेल, माझ्या ओळखीची माणसं आहेत. माझी आत्या होती ती. एकटी राहायची. गावातली दोन पोरं तापाने गेली आणि तिला डोंगर उतरून पळावं लागलं. पुन्हा आलीच नाही. तुम्ही आमच्या घरी चला राहायला. माझी बायको आहे, अडचण नाही."

मी नाही म्हटलं. गेले तर आपणच कबूल केल्यासारखं होईल, असं मला वाटलं. पण त्या दिवसापासून मी धूर लावला नाही. घराच्या खिडक्या बंद ठेवायला लागले. भाजी चिरताना बाहेर पावलं वाजली की सुरी हातात तशीच राहायची.

रविवारी दुपारी फाटक वाजलं. बाहेर शेजारच्या आजी, कॉलनीतल्या पाच-सहा बायका आणि मागे दोन पुरुष होते. त्यातला एक आजींचा मुलगा, बाळाचा बाप. तो माझ्याकडे बघत नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

आजी म्हणाल्या, "मना नातूले काय करी टाकं तू?"

"आजी, मी काही केलं नाही. ताप आहे तो."

"मंग झाडले पाणी कसाले घालस? धूर कसाले करस? चिंचखाल कोन ऱ्हास, माले माहीत नई का?"

मी समजावायला लागले. तीच माझी चूक झाली. मी म्हणाले, ते बुद्धाचं वंदन आहे. एकीने विचारलं, मग लोबान? ते आमच्या जामनेरच्या खालाकडचं. आणि दगड? तो डोंगरातला, पावरा लोकांचा वाघदेव. जसजशी मी सांगत गेले तसतशा त्या मागे सरकत गेल्या. माझं मलाच ऐकू येत होतं की हे किती भयंकर वाटतंय. ज्याला एक घर नाही, एक नाव नाही, असं काहीतरी मी रोज संध्याकाळी करत होते. "तो मंत्र म्हणून दाखव," कुणीतरी म्हणालं. मी म्हटलं, "बुद्धं सरणं गच्छामि." माझा आवाज इतका चिरका आला की मागच्या बाईने कानांवर हात ठेवले.

"बाळ कसं आहे?" मी विचारलं.

सून फाटकाबाहेर बाळाला खांद्यावर टाकून उभी होती, ते तेव्हा मला दिसलं. बाळाची मान लुळी होती. डोळे अर्धे उघडे होते आणि ते कशाकडेच बघत नव्हते.

"डॉक्टरांना दाखवलं?"

मग बाप म्हणाला, "भगताकडे नेलं. तो म्हणाला, जिनं घातलंय तिलाच उतरवावं लागेल."

"उतार," आजी म्हणाल्या. "आते उतार."

मला पळायचं होतं. मागचं दार उघडं होतं, प्लॉट ओलांडला की रस्ता. पण ते अर्धे उघडे डोळे माझ्या समोर होते, आणि तोंडातून जे निघालं ते मी ठरवून म्हटलेलं नव्हतं.

"उतरवते," मी म्हणाले. "पण इथे राहून ते उतरणार नाही. बाळाला आत्ताच्या आत्ता धुळ्याला न्या, मोठ्या दवाखान्यात. ते तिथे पोचलं की मी इथून उतरवते. उशीर केलात तर माझ्या हातात काही राहणार नाही."

आजींनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग मुलाला म्हणाल्या, "गाडी काढ."

गाडी गेली. बायका मात्र गेल्या नाहीत. त्या फाटकाशीच बसल्या, मी खरंच उतरवते का ते बघायला.

मी काय केलं होतं ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. सगळ्या कॉलनीसमोर मी कबूल केलं होतं की हे माझ्या हातात आहे. बाळ वाटेत गेलं असतं तर मी फक्त चुकले नसते, ते मीच मारलं असं ठरलं असतं. पोलिसांना फोन करायला मोबाइल हातात घेतला आणि ठेवून दिला. त्यांना सांगणार काय? मी चिंचेखाली गेले. मुळाशी, खोडाला टेकून बसले. पाणी घातलं. लोबान लावलं. एकापाठोपाठ एक सगळं म्हटलं, जळगावच्या बाकावर म्हटलं होतं तसं. फाटकाशी बसलेल्या बायकांना घराच्या कडेच्या बोळातून मी दिसत होते, त्यांची नजर पाठीवर होती. मी नाटक करत होते की खरंच मागत होते, ते मला सांगता येत नाही. बाळाचं जे होईल तेच माझं होणार होतं.

अंधार पडायच्या आत बापाचा फोन त्या बायकांपैकी एकीला आला. डेंगी होता. सलाइन लागलं, बाळाने डोळे उघडले. तिने मोठ्याने सांगितलं आणि मग सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी वाट बघत होते की आता त्या उठून घरी जातील. त्या उठल्या, फाटक उघडून आत आल्या आणि एकेक करून माझ्या पाया पडल्या.

मी ओरडले, "असं करू नका." त्यांना तो नम्रपणा वाटला.

पुढचे दिवस मला आधीच्यापेक्षा वाईट गेले. बाळ घरी आलं. चिंचेखाली नारळ दिसायला लागले. कुणी दगडाला शेंदूर फासला, कुणी खोडाला दोरा गुंडाळला. दोंडाईच्याहून एक बाई झटके येणाऱ्या मुलीला घेऊन आली. मी तिला न्यूरोलॉजिस्टचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "जाते ना माय, पण आधी तुम्ही हात ठेवा." मुलीच्या डोक्यावर मी हात ठेवला आणि तो बर्फासारखा गार पडला. मी कॉलेजातून उशिरा घरी यायला लागले.

मग आबा आले, न कळवता. फाटकाशी बसलेल्या बायका त्यांनी बघितल्या, मागे जाऊन दगड बघितला. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होते. आता काय बोलतील याची आयुष्यभर वाट बघितली होती.

ते आत आले. पाणी मागितलं. दोन घोट घेऊन पेला ओट्यावर ठेवला.

"हे तू मांडलंस?"

"दगड मी ठेवला आबा. शेंदूर मी नाही लावला."

"पहिला दगड कुणीतरी ठेवतोच," ते म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले. "मला राग नाही आला, पोरी. घाबरलोय मी. आज बाळ वाचलं म्हणून नारळ आले. उद्या एखादं नाही वाचलं तर? त्या दिवशी हीच माणसं काय घेऊन येतील?"

आबांना घाबरलेलं मी कधी बघितलं नव्हतं. मी त्यांच्याजवळ बसले. सगळं सांगितलं, खालाचं लोबान, कानबाई, तो दवाखान्यातला बाक. ते ऐकत होते. शेवटी त्यांनी एवढंच विचारलं, "आईला माहीत होतं?"

"हो."

"मला नाही सांगितलं तिनं," ते म्हणाले आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी दगड धुतला. सरांनी तो परत त्यांच्या वस्तीतल्या ओढ्यात नेऊन ठेवला. महिना संपायच्या आत मी धुळ्यातल्या एका कॉलेजात नोकरी शोधली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. सध्या संध्याकाळी मी खिडकीत उभी राहून मनातल्या मनात म्हणते, ओठ न हलवता. दार वाजलं की आधी भोकातून बघते.

मागच्या महिन्यात शेजारच्या त्या सुनेचा फोन आला. बाळ चालायला लागलं म्हणाली. घरचं सगळं सांगून झालं, मग आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, एक विचारू? आता इथं कुणी नाही. तुम्ही तेव्हा खरंच काही केलं होतं का हो?"

"काही नाही गं," असं म्हणायला मी तोंड उघडलं. डॉक्टरांनी केलं, सलाइनने केलं, हे सगळं मला ठाऊक होतं. पण शब्द येईना. ती तिकडे थांबून होती, मला तिचा श्वास ऐकू येत होता.

"मला माहीत नाही," मी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर उठून दाराची कडी पुन्हा एकदा बघितली.