मशीन आडवं होणार न्हाय

भिवंडीत माझ्या धाकट्या दिरांइतका हट्टी माणूस दुसरा नाही. असलाच तर त्याने खुशाल समोर यावं. कामतघरच्या गाळ्यात भावजी बॅनर छापायचे आणि मी ऑर्डरी सांभाळायचे. छपाईचं मशीन पलंगापेक्षा लांब. माणसांशी तोडून बोलणारे भावजी मशीनशी मात्र लाडाने बोलत. सकाळी आधी बारीक रेघा छापून बघायच्या. एखादी तुटक आली तर शाईचं हेड साफ होईपर्यंत गिऱ्हाईक बाहेर. एकदा एका पुढाऱ्याचा माणूस वाढदिवसाच्या बॅनरसाठी ओरडायला लागला, "साहेब गाडीत थांबलेत!" भावजी म्हणाले, "थांबू दे. नाक चोंदल्यालं मशीन मी पळवणार न्हाय." ऑर्डर गेली. मी चिडले. भावजी हेड पुसत राहिले.

त्यांचा खरा वैरी म्हणजे शेजारच्या खटखटणाऱ्या लूममधून उडणारे सुताचे तंतू. ते हेडला चिकटतात म्हणून त्यांनी शटरच्या आत चक्क विटांची भिंत घातली आणि तिला एक अरुंद दार ठेवलं. कपडे झटकल्याशिवाय आत प्रवेश नाही. वहिनी म्हणून मलाही सूट नाही.

मग मालकाने गाळा परत मागितला. जवळच्या शेलार गावात नवी जागा मिळाली, टेम्पो आला, खोकी बांधून झाली, हमालांचा चहाही झाला, आणि मशीन दाराशी आणल्यावर आमच्या लक्षात आलं की ते आत आलं तेव्हा ही भिंतच नव्हती.

"सेठ, आडा करके निकालते हैं. दो मिनट का काम," हमाल म्हणाला.

"आडा नहीं होगा! शाई वायर में घुसेगी, मशीन मरेगा!"

"भावजी, जरा कलतं तरी करून बघा," मी म्हटलं. "एवढी पक्की भिंत आहे."

"वयनी, भिंत परत बांधता येती."

त्यांनी मशीन प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, बांधलेल्या खोक्यातून माझ्या कोऱ्या चादरी काढून त्यावर घातल्या आणि स्वतः घण उचलला. "दीवार बहुत मजबूत बनाई है किसी ने," हमाल म्हणाला. "मीच!" भावजी ओरडले आणि पुढचा घाव घातला. मशीन ताठ मानेने बाहेर पडलं. टेम्पोत ते त्याला धरून बसले आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरवर खेकसले, "धीरे! अंदर बाळंतीण है!"

शेलारला मशीन सुरू झालं. रंग सगळे नीट उमटले. मी सुटकेचा निःश्वास टाकला. भावजींनी मात्र चहासुद्धा घेतला नाही. इथे आसपास एकही लूम नाही, खटखट नाही. त्यांनी मशीनवर हात ठेवला.

"वयनी, लय शांत हाय इथं. याला करमंल ना?"

"करमेल. सवय होईल."

"व्हईल," ते म्हणाले. मी निघाले तेव्हा छापायला काही नव्हतं, तरी त्यांनी मशीन चालूच ठेवलं होतं, तेवढीच घरघर.